श्रद्धांजलीत माझा फोटो नव्हता

खानदेशात जाताना काय न्यावं असं कुणी मला विचारलं, तर मी आधी स्वेटर म्हणेन, मग डोकेदुखीच्या गोळ्या, आणि जमल्यास थोडी जाड कातडी. यातलं मी काहीच नेलं नव्हतं. ‘तिकडे उन्हाने माणूस भाजून निघतो’ एवढंच मला ऐकून माहीत, म्हणून पौष महिन्यात तीन सुती कुर्ते आणि उन्हाची टोपी घेऊन गेले आणि जळगावला सकाळी गाडीतून उतरल्या उतरल्या माझे दात वाजायला लागले. आमच्या कुडाळात थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर. इथे स्टेशनाबाहेर रिक्षावाले कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसले होते आणि माझ्या टोपीकडे कौतुकाने बघत होते.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. वय छत्तीस, काम पायपेटी वाजवण्याचं. वडील दशावतारी कंपनीत पेटीवर बसायचे. त्यांचीच पेटी माझ्याकडे आली आणि पुण्याच्या भाड्याच्या घरात अर्धी खोली अडवून बसली. दोन वर्षांपासून ती पेटी आणि मी ‘पराटी’ नावाच्या बँडमध्ये आहोत, आणि या प्रवासात माझ्या जिवाला जो घोर होता तो त्या बँडपायी.

कपाशी वेचून झाली की शेतात वाळकी झाडं उरतात, त्यांना इकडे पराटी म्हणतात. काडी लावली की धडाडून पेटते. बँडही तसाच होता. धुळ्यात कॉलेज संपवलेल्या तिघांनी तो काढला. भूषण गायचा, इम्रान ड्रम वाजवायचा, चेतन गिटार. गाणी अहिराणीतली आणि छप्पर उडेल अशी. शेतीच्या विजेवरचं ‘फीडर बंद शे’, म्हणजे शेताची लाइन बंद आहे, हे त्यांचं गाणं तर इकडच्या पोरापोरींना तोंडपाठ. भूषणने एक ओळ म्हणायची आणि समोरच्या सगळ्यांनी मुठी वर करून ओरडायचं, “बंद शे!”

मग चेतनचं लग्न झालं आणि तो सासऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये बसू लागला. त्याच सुमारास भूषण कुणा मित्राबरोबर आमच्याकडे कुडाळला मासे खायला आला होता. जत्रेत त्याने माझी पेटी ऐकली. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, “ताई, मला आता ओरडावंसं वाटत नाही. गावंसं मात्र वाटतं. काय करू?”

“हळू गा,” मी म्हटलं. माझा गुन्हा एवढाच.

त्यातून ‘उतरतं ऊन’ हा अल्बम झाला. गिटार नाही, पेटी आहे, इम्रानच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश, आणि भूषण शेजारी बसून बोलल्यासारखा गातो. पुण्यात लोकांनी माना डोलावल्या. खानदेशातून मात्र शिव्या आल्या. त्यातल्या मला पाठ असलेल्या दोनच सांगते. ‘पेटीवालीने बँड बसवला.’ आणि दुसरी, ‘कोकणातून ओल आली, पराटी भिजली.’ दुसरी वाचून मला रडू आलं आणि थोडं हसूही आलं, कारण ओळ चांगली होती.

निघायच्या आदल्या दिवशी भूषण पेटीची दोरी आवळता आवळता म्हणाला, “आधी जळगाव, मग धुळे. ही माझी माणसं आहेत. त्यांनीच नको म्हटलं तर मी गातोय कुणासाठी? धुळ्यात नाही पटलं तर मी चेतनला फोन करणार.” चेतन आला की पेटी कुडाळला जाणार, हे त्याने सांगायची गरज नव्हती. मला ते दोरी आवळण्यावरूनच कळलं.

जळगाव

पहिला दणका माणसांनी नाही, हवेने दिला. इम्रानच्या घरी पेटी टेम्पोतून उतरवली, मी पाय मारले, तर आतून दम्याच्या पेशंटसारखा आवाज. कोकणातल्या दमट हवेत वाढलेलं ते लाकूड आणि चामडं. इथल्या कोरड्या थंडीत आकसलं आणि भात्याला चीर गेली. संध्याकाळी कार्यक्रम आणि पेटी हवा धरीना. 

इम्रानचे अब्बा मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पेटीच्या पोटात हात घातला आणि इतक्या हळू चाचपलं की मला माझ्या वडिलांची आठवण झाली.

“हवा छोड रही है बेटा. पुरानी चीज है, गुस्सा नहीं करने का,” ते म्हणाले. हे पेटीला होतं की मला, कळलं नाही. त्यांनी हिरव्या रेक्झिनचा तुकडा कापला, सोल्यूशन लावलं, वरून बारीक टाका घातला आणि माझ्यासमोर एक बशी शेवभाजी ठेवली. लाल तर्री, वर जाडी शेव. आमच्याकडे शेव चहाबरोबर खातात. तिला कुणी रश्श्यात बुडवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्या घासाला मी आणखी मागितली.

“फीडर गाओगे ना आज?” अब्बांनी विचारलं.

इम्रान मान खाली घालून म्हणाला, “नही अब्बा. नया वाला.”

 अब्बांनी माझ्या बशीत आणखी भाजी वाढली, आणि मला ते सांत्वन केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी हॉल भरला होता. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्याला मागून कुणीतरी ओरडलं, “ओ ताई, भजन संपलं का?” हशा झाला. तिसऱ्या गाण्यात भूषण प्रत्येक ओळीनंतर जरा थांबतो, तिथे पेटीचा एकच लांब सूर आहे. तो सूर लागला रे लागला की सगळा हॉल एका आवाजात ओरडायचा, “बंद शे!” पुन्हा सूर, पुन्हा “बंद शे!” मी इतकी गडबडले की एका जागी दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या. शेवटी पुढच्या रांगांमधली मुलं शांतपणे उठली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. शिट्ट्या सहन होतात हो. ओळीने बसलेल्या पाठी सहन होत नाहीत.

 परत जाताना रिक्षात भूषण बाहेर बघत एवढंच म्हणाला, “धुळ्यात बघू.”

सावदा

मधला दिवस मोकळा होता. सावद्याच्या एका नानांचं आमंत्रण आलेलं. नाना केळीवाले, घरच्या बागा आणि पिढीजात व्यापार. त्यांची मुलगी भूषणबरोबर कॉलेजात होती, म्हणून ‘भरीत खायला या’ असा निरोप. मला जायचं नव्हतं. काल पाठी बघितल्या होत्या, आज तोंडं बघायचं धैर्य नव्हतं.

केळीच्या बागेत शिरल्यावर मात्र जीव थोडा खाली पडला. आमच्याकडे केळ परसात, सांडपाण्यावर, चार खुंट. इथे रांगांमागून रांगा, आत शिरलं की ऊन हिरवं होतं आणि थंडी दुप्पट. नानांच्या मुलीने माझी अवस्था बघून तिची शाल माझ्या अंगावर टाकली.

बागेच्या कडेला पराटीचा जाळ करून त्यात हिरवी, पांढरट, भलीमोठी वांगी टाकली होती. आमच्या बँडचं नाव असं धडाडून जळताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि शकुन-अपशकुन मानत नाही म्हणणारी मी थोडी सरकून बसले. वांगी सोलली, लाकडी खोलगट भांड्यात टाकली, वर मिरच्या-लसूण, आणि मुसळाने कुटायला सुरुवात. इम्रानने मुसळ हातात घेतलं मात्र, त्याची ड्रमवरची सगळी दबलेली हौस बाहेर पडली. दोन दिवसांत पहिल्यांदा तो हसला.

केळीच्या पानावर भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, कच्चा कांदा. नाना समोर बसले आणि तोंडातला घास संपायच्या आत मुद्द्यावर आले.

“मी तुमचं नवं गाणं आयकलं. मले काही ते कळत नाही. पण पोरं चिडली हायेत, हे खरं.”

भूषण म्हणाला, “नाना, माणूस बदलतो ना.”

“बदलतो ना! माझ्या बापानं बसराई जातीची केळी काढून श्रीमंती जात लावली. लोक म्हणे, चव गेली. मी श्रीमंती काढून टिश्यू कल्चरची, लॅबमधली रोपं लावली. लोक म्हणे, श्रीमंतीची चव गेली.”

मला हायसं वाटलं. आता नाना धीर देणार. मी विचारलं, “आणि खरंच गेली होती का हो चव?”

“गेली ना!” नाना म्हणाले. “खोटं कशाले बोलू? गेली ती गेली. पण केळं खाणं कोणी सोडलं नाही.”

मी तो धीर म्हणून घ्यावा की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भरीत मात्र मी तीनदा घेतलं.

धुळ्याचा रस्ता

शुक्रवारी दुपारी टेम्पो धुळ्यात शिरला. मी ड्रायव्हरशेजारी, मागे भूषण आणि इम्रान पेटीला धरून. एका चौकात सिग्नलला थांबलो आणि मी सहज वर बघितलं.

दहा फुटी फ्लेक्स. काळी किनार, दोन बाजूंना समया, मधोमध हात जोडलेला भूषण, त्याच्यामागे छोटे छोटे इम्रान आणि चेतन. वर ठसठशीत अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली बारीक अक्षरांत ‘पराटीच्या जुन्या दणक्यास’. त्याखाली ‘गंधमुक्ती : शनिवारी सायंकाळी सहा’ आणि आमच्याच हॉलचा पत्ता. अगदी तळाला ‘शोकाकुल : समस्त पराटी परिवार’.

गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा विधी. इकडे मृत्यूच्या प्रत्येक निरोपात तो शब्द असतो.

खरं सांगते, लाज वाटते पण सांगते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यात माझा फोटो नाही. जिवंत बँडमध्ये तर यांनी मला घेतलंच नव्हतं, पण मेलेल्यांतही घेतलं नव्हतं.

“पंकज,” भूषण मागून म्हणाला. पंकजचं धुळ्यात फ्लेक्सचं दुकान आहे. बँडचे पहिले सगळे फलक त्याने हौसेने छापून दिलेले, चाहत्यांच्या ग्रुपचा तोच म्होरक्या. “एवढा चिडलाय तो?” भूषणचा आवाज अगदी लहान झाला होता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गावाहून आई.

भूषणचं गाव साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या अलीकडे. एसटीच्या खिडकीतून कुणीतरी तो फ्लेक्स टिपला होता. टिपताना खालचा भाग कापला गेला, राहिला तो हात जोडलेला भूषण आणि श्रद्धांजली. फोटो आदल्या संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर पोचला होता. आणि आता नातेवाईक दारावर येत होते. दारावर येणं म्हणजे मयताच्या घरी भेटायला येणं.

“मी सांगी सांगी दमनू,” आई फोनवर रडकुंडीला आली होती. “मन्हा पोऱ्या जित्ता शे म्हणस, तं त्या म्हणतस, माय येडी व्हई गई!”

भूषणने व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन त्याच्या मोठ्या आत्यापुढे धरला. सगळे त्यांना अक्का म्हणतात. अक्कांनी पडद्याकडे बघितलं, “जुना व्हिडिओ शे, मन्हा राजा, कसा हसस,” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. भूषण ओरडत होता, “अक्का, मी शे! मी!” पण तिकडे सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या होत्या, कुणाला ऐकू जाईना.

“गाडी फिरवा,” भूषण ड्रायव्हरला म्हणाला.

त्या दोन तासांत मी काय काय डोक्यात आणलं! आईला काही झालं तर? आबांना, म्हणजे भूषणच्या वडिलांना, काही झालं तर? एका बाईने एका मुलाला ‘हळू गा’ म्हटलं आणि त्याचं टोक एखाद्याच्या जिवाला लागलं तर? साक्री मागे पडलं, डोंगर दिसायला लागले, कांद्याच्या हिरव्या वाफ्यांवर ऊन उतरत होतं. मला त्यातलं काही धड दिसलं नाही.

गावात

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. अंगणात सतरंजीवर पांढऱ्या टोप्या, ओट्यावर बायका, कोपऱ्यात झाकलेल्या टोपल्या. आबा खांबाला टेकून बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘अरे तसं काही नाही’ म्हणून म्हणून त्यांचा आवाज बसला होता. भूषण खाली उतरला. एका बाईने गळा काढला होता, तो अर्ध्यात थांबला.

 मग अक्का उठल्या. नऊवारी नेसलेली, काटक, सत्तरीची बाई. त्या भूषणपाशी आल्या, त्याचे दोन्ही दंड चाचपले, गालाला हात लावला आणि फाडकन एक ठेवून दिली.

“तुन्हा मुडदा...” त्या नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, आणि जीभ चावली. ती शिवी त्या दिवशी त्यांना पुरी करता आली नाही.

मग जे रडणं झालं, त्यात हसूही होतं. आबांनी भूषणला जवळ घेतलं नाही, फक्त त्याच्या पाठीवरची धूळ झटकत राहिले, बराच वेळ.

सगळं शांत झाल्यावर नवीनच पेच उभा राहिला. टोपल्यांत पिठलं-भाकरी होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भाऊबंद करून आणतात तो कडू घास. आता मयतच नाही. हे अन्न परत घरी नेणं वाईट, टाकून देणं त्याहून वाईट, आणि खावं कुणी? टोप्यावाले चार बुजुर्ग खाली मान घालून चर्चा करू लागले.

“मी खातो,” भूषण म्हणाला.

“आपलाच कडू घास कोनी खास का रे?” अक्का गरजल्या. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. दुसऱ्याच्या शालीत गुंडाळलेली मी दाराशी उभी होते. “ही कोन शे?”

“आमच्या बँडमधली. पेटी वाजवते. कोकणातली.”

“भाऊबंद नही?”

“नाही.”

“गावनी नही? खानदेशनी बी नही?”

“नाही अक्का.”

“मंग हीच खाई पहिला घास. परकाले बाधस नही. बठ वं माय.”

मी बसले. माझ्यासमोर भाकरी आली, तिच्यावर पिठलं. अंगणभर माणसं माझ्या हाताकडे बघत होती.  कुडाळला माझ्या आईला हे कळलं तर ती काय म्हणेल, याचा विचार मनात येऊन गेला. मी घास घेतला. पिठल्यात लसूण सढळ होता आणि मला प्रचंड भूक लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

“व्हयनं,” अक्का म्हणाल्या. “आते बठ्ठा खा.” आणि सगळ्यांचे हात टोपल्यांकडे वळले.

नंतर मी दहा जणांना विचारलं, अशी रीत आहे का म्हणून. कुणीच ऐकली नव्हती. अक्कांनी ती तिथल्या तिथे काढली होती.

जेवणं झाली तरी कुणी उठेना. अक्का छातीवर हात ठेवून म्हणाल्या, “रडू आठपावत उनं व्हतं. आते त्याले कथा टाकू? गानं म्हन एखादं.” इथवर आलेलं रडू आता कुठे टाकायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

भूषणने माझ्याकडे बघितलं. पेटी उतरवली, ओट्यावर ठेवली. त्याने ‘उतरतं ऊन’ म्हटलं. दुपार कलताना शेतातून एकटी घरी येणाऱ्या आईचं गाणं आहे ते. पुण्यात मी ते वाजवताना लोक डोळे मिटायचे. इथे पहिल्या कडव्यालाच अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि मनसोक्त रडल्या. त्यांच्यामागे सगळा ओटा रडला. कुणी ‘बंद शे’ म्हटलं नाही. हिरव्या ठिगळाने हवा धरून ठेवली होती. मी पाय मारत राहिले, आणि मला भीती वाटायची राहून गेली, अख्ख्या गाण्यापुरती.

गाणं संपल्यावर फाटकाशी एक तरुण उभा दिसला. मोटारसायकल ढकलत आत यावं की नाही या विचारात. चेहरा उतरलेला. पंकज. गावाच्या ग्रुपवरचा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंतही पोचला होता आणि फ्लेक्स उतरवून तो धुळ्याहून थेट इकडे आला होता.

तो भूषणला नाही, अक्कांच्या पाया पडला. “चुकनं अक्का. आमी गंमत करी. खाले बारीक अक्षरमा लिखेल व्हतं.”

“मोठा अक्षरमा लिखाले काय व्हयनं व्हतं?” अक्कांनी विचारलं.  “आनि ते गंधमुक्तीनं? शनवारना सहा?”

“ते... ते गाण्याचा कार्यक्रम आहे, अक्का,” भूषण म्हणाला.

“लिखेल शे ना? मंग येवाले पाहिजे.”

धुळे

आणि ते आले. शनिवारी पावणेसहाला हॉलच्या दारात दोन पिकअप थांबले आणि त्यांतून पांढऱ्या टोप्या आणि नऊवाऱ्या उतरल्या. पहिल्या तीन रांगा त्यांनीच भरल्या. मागे पराटी परिवार, दंडाला काळ्या फिती लावून. शिट्ट्या घेऊन आले होते, हे मी पडद्याआडून बघितलं होतं. पण समोर कुणाचे आबा, कुणाचे मामा, कुणाच्या गावच्या अक्का. शिट्टी कोण वाजवणार?

तरी मला धीर आला नाही. शिट्टी न वाजवणं म्हणजे आवडणं नव्हे, एवढं मला कळतं. भूषणने सकाळपासून चेतनचं नाव घेतलं नव्हतं, पण दोनदा बाहेर जाऊन फोनवर बोलून आला होता.

पहिलं गाणं झालं. शांतता. दुसरं झालं. शांतता. तिसऱ्यातले ते लांब सूर आले, जिथे जळगावला मला ओरडून गप्प केलं होतं. मी सूर धरला आणि वाट बघितली. कुणीच ओरडलं नाही, फक्त एक म्हातारा खोकला. गाणं संपलं आणि पुन्हा तीच गच्च शांतता.

अक्का मागे वळल्या आणि सगळ्या हॉलला म्हणाल्या, “बठ्ठा मुका शेत का रे?”

मग टाळ्या वाजल्या. मनापासून होत्या की अक्कांच्या धाकाने, देव जाणे. आणि लगेच अक्का पुढे वळून म्हणाल्या, “आते ते फीडरनं म्हन. मन्हा नातू म्हणस ते.”

हॉल एकदम हलला. भूषण माझ्याकडे बघत राहिला. फीडर आम्ही कधीच पेटीवर बसवलं नव्हतं. पण मी ते घरी दार लावून किती वेळा ऐकलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. मला शिव्या कशापायी बसतात हे समजून घ्यायला ऐकायचे, आणि मग नुसतीच ऐकत राहायचे. मी मान हलवली. इम्रानने ब्रश टाकून काठ्या उचलल्या. मी खालचे सूर धरले आणि वडील राक्षसाच्या प्रवेशाला मारायचे तसे पाय मारले. भूषणने ओळ म्हटली, ओरडून नाही, त्याच्या नव्या आवाजात. “बंद शे!” हॉलने छप्पर उडवलं. टोप्यांनीही. अक्कांनी मूठ वर केली होती.

कार्यक्रमानंतर मी पेटीला कापड गुंडाळत होते, तर पंकज शेजारी येऊन उभा राहिला. दंडावरची फीत काढली होती.

“ताई, खरं सांगस. नवं गानं माले अजूनबी आवडनं नही.”

“बरं,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“पन कालपासून तेच तोंडमा येई ऱ्हायनं. गाडीवर, दुकानमा. त्यानाच राग येस.” आणि तो खरंच रागाने निघून गेला.

परतताना

रविवारी सकाळी निघालो. धुळ्याबाहेर एका शेताच्या बांधावर काढलेल्या कांद्याचा ढीग होता आणि त्यावर दवापासून बचाव म्हणून फ्लेक्स पांघरलेला. भूषण उलटा, हात जोडून, समयांसकट. पंकजने उतरवलेला फ्लेक्स इतक्यात कामालाही लागला होता. आम्ही टेम्पो थांबवून फोटो काढला. इम्रान इतका हसला की त्याला उचकी लागली.

चहाच्या टपरीवर भूषण म्हणाला, “ताई, मी काल चेतनला फोन केला होता.”

मी कप खाली ठेवला.

“कार्यक्रमाला ये म्हणून. आला होता, मागे उभा होता. म्हणाला, फीडरमध्ये पेटी बरी वाटते, गिटारची आठवण झाली नाही. त्याला जरा वाईटच वाटलं असावं.” त्याने चहाचा घोट घेतला. “पुढच्या वेळी स्वेटर आणा.”

पुढच्या वेळी. मी तो शब्द बिस्किटाबरोबर हळूहळू खाल्ला.

पुण्यात पोचले, पेटी जागेवर ठेवली, गॅस बंद आहे हे बघितलं, आणि फोन उघडला तर पंकजचा मेसेज. ‘ताई, तुमचा एक फोटो पाठवा. समोर बघणारा. श्रद्धांजलीत घेतला नव्हता, वाईट वाटून घेऊ नका.’

फोटो शोधायला मला एक तास लागला. पाठवला मी. पण पाठवण्याआधी कशासाठी हवाय, हे मात्र दोनदा विचारून घेतलं.